सीमेवरच्या संथ वाटा : उत्तर गोवा आणि सिंधुदुर्गातील सायकलमार्ग

गोव्याच्या उत्तर सीमेवर सायकलने फिरण्याजोगा एक मोठा आणि तुलनेने शांत टापू आहे. पश्चिमेस तेरेखोल नदीच्या मुखापासून पूर्वेस दोडामार्गपर्यंत तो पसरला आहे. एका बाजूस गोव्यातील पेडणे, बार्देश व डिचोली हे तालुके, तर दुसऱ्या बाजूस सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले, सावंतवाडी व दोडामार्ग. मधून राज्याची सीमा जाते. पण भातशेती, नारळीची भाटे, काजूच्या बागा, जांभ्या दगडाचे सडे आणि बोलीचा बाज सीमेच्या दोन्हीकडे सारखाच आढळतो. पाटीवरचे गावाचे नाव आणि वाहनांच्या क्रमांकाची अक्षरे बदलली, की राज्य बदलल्याचे समजते.

या टापूत रस्त्याने सायकल चालवू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी चार मार्गांची माहिती येथे संकलित केली आहे. शर्यतीची तयारी करणारे किंवा २०० किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांत कापणारे सायकलस्वार या लेखाचे प्रमुख वाचक नाहीत. ताशी बारा ते पंधरा किलोमीटर वेगाने, वाटेत दोन-तीनदा थांबत, दुपारच्या जेवणापर्यंत घरी परतू पाहणाऱ्या साध्या सायकलस्वाराला समोर ठेवून ही निवड केली आहे.

भूमीची ठेवण

मार्ग निवडण्यापूर्वी येथील भूमीचे तीन थर लक्षात घेतलेले बरे. पहिला थर नदीकाठच्या खाजन जमिनींचा. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि मानशीच्या दारांतून त्याची ये-जा राखायची, अशी ही जुनी शेतीपद्धती आहे. भरती येताच पाण्याच्या दाबाने मानशीची दारे मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी नदीत सोडतात. हा भाग जवळपास सपाट असल्यामुळे तेथील रस्त्यांवर चढ असा नसतोच. दुसरा थर वाड्या-वस्त्यांचा. देवळे, घरे, कुळागरे आणि बाजार यांना धरून जाणारे रस्ते वळणांचे असतात. चढ-उतार छोटे, पण वारंवार येतात. तिसरा थर सड्यांचा. जांभ्या दगडाची ही पठारे फार उंच नाहीत. पेडणे तालुक्यातील मोपाचे पठार समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरहून थोडेच अधिक उंच आहे. मात्र नदीकाठावरून सड्यावर जाणारा रस्ता ही उंची थोड्याच अंतरात गाठतो. नवख्याला दम लागतो तो अशाच ठिकाणी.

त्यामुळे या टापूत किलोमीटरचा आकडा दिशाभूल करू शकतो. नदीकाठचे तीस किलोमीटर आणि सडे ओलांडत केलेले तीस किलोमीटर यांच्या श्रमांत मोठे अंतर आहे. शक्य तेथे नदी धरून जावे आणि सडा एकदाच ओलांडावा, हा येथील मार्ग आखण्याचा सोपा नियम होय.

पहिला मार्ग : तेरेखोलच्या मुखाभोवती

केरी – तेरेखोल – रेडी – शिरोडा – आरोंदा – किरणपाणी – केरी हा वर्तुळाकार मार्ग तीस ते चाळीस किलोमीटरांच्या दरम्यान आहे. चारही मार्गांत सीमेचे स्वरूप येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

तेरेखोल नदी सह्याद्रीतून येते. वरच्या भागात तिला बांद्याची नदी म्हणूनही ओळखतात. केरी येथे ती अरबी समुद्राला मिळते. नदीच्या बऱ्याच भागात दक्षिण तीर गोव्याचा व उत्तर तीर महाराष्ट्राचा आहे. पण मुखाशी हा नियम मोडतो. उत्तर तीरावरील तेरेखोल गाव आणि तेथील किल्ला गोव्यात, पेडणे तालुक्यात मोडतो. गोव्याच्या उर्वरित भूमीतून जमिनीवरून तेथे जायचे, तर महाराष्ट्रातून जावे लागते. अन्यथा केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट घ्यावी लागते.

तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधला. १७४६ साली तो पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकावला होता. फेरीबोटीतून उतरल्यावर किल्ल्याकडे जाणारा छोटा चढ आहे. किल्ल्याच्या परिसरातून खाली पाहिले, की नदी, वाळूचा दांडा आणि केरीचा किनारा एकाच दृष्टिक्षेपात येतो.

तेथून रस्ता रेडीकडे जातो. येथील यशवंतगड आणि १९७६ साली सापडलेल्या द्विभुज गणपतीचे देवस्थान यांमुळे रेडी गावात भाविकांची व पर्यटकांची वर्दळ असते. हा लोहखनिजाचा भाग असल्यामुळे अवजड वाहने येत असतील हे गृहीत धरूनच सायकल चालवावी. रेडीनंतर शिरोडा येते. मे १९३० मधील मिठाच्या सत्याग्रहामुळे हे गाव देशाच्या नकाशावर आले आणि येथील मिठागरे आजही पाहता येतात. पुढे ‘ययाति’कार म्हणून ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरलेले वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत याच गावातील शाळेत शिक्षक होते. मराठी वाचकाला सायकल थांबवण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. न्याहारीसाठीही शिरोड्याचा बाजार सोयीचा पडतो.

शिरोड्याहून किनारा सोडून आरोंद्याकडे वळावे. हा भाग बागांचा आणि सावलीचा आहे. आरोंद्याहून पुलाने तेरेखोल नदी ओलांडली की किरणपाणी येते आणि सायकलस्वार पुन्हा गोव्यात प्रवेश करतो. किरणपाणी ते केरी हा शेवटचा टप्पा नदीच्या सोबतीने जातो.

हा मार्ग केरीहून फेरीबोटीने सुरू करावा आणि परतीस पूल वापरावा. तेरेखोलची फेरीबोट भरती-ओहोटीच्या पाण्यावर अवलंबून आहे. पाणी फार ओसरले की तिची फेरी थांबू शकते. सकाळी बोट नाही असे कळले, तर उलट दिशेने निघता येते. दमून परतताना तसे कळले, तर मोठा वळसा पडतो.

दुसरा मार्ग : पेडण्याहून सावंतवाडीकडे

पेडणे – न्हयबाग – सातार्डा – मळेवाड – सावंतवाडी हा मार्ग एका दिशेने पंचवीस ते तीस किलोमीटरांचा आहे. परत त्याच वाटेने यावयाचे असल्यास पूर्ण दिवस राखून ठेवावा.

पेडणे शहरातील श्री भगवती देवीचे मंदिर आणि त्यासमोरचे दोन भव्य दगडी हत्ती ही प्रारंभाची सुंदर जागा आहे. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला. गोव्याच्या ‘नव्या काबिजादी’त हा सर्वांत उशिरा सामील झालेल्या भागांपैकी एक. आज आपण जिला सीमा म्हणतो, ती रेषा या भागात त्या व्यवहाराने उमटली. त्यापूर्वी पेडणे आणि सावंतवाडी हा एकाच संस्थानाचा मुलूख होता. देवस्थानांचे मानपान, सोयरिकी आणि बाजारहाट यांतून हे जुने नाते आजही जाणवते.

न्हयबागेपाशी तेरेखोल नदी ओलांडून सातार्ड्यात शिरले की महामार्गाचा गोंगाट मागे पडतो. पुढे मळेवाडमार्गे सावंतवाडीपर्यंतचा रस्ता चढ-उतारांचा असला, तरी दमवणारा घाट कोठेही नाही. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाने एक फेरी मारावी. राजवाड्यातील गंजिफाची कला आणि चितार आळीतील लाकडी खेळणी पाहावीत.

याच टापूत पत्रादेवी हे ठिकाण आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात प्रवेश करणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी येथे गोळीबार केला. पंजाबातून आलेले कर्नैल सिंग येथेच हुतात्मा झाले. स्मारक राष्ट्रीय महामार्गालगत आहे. स्मारकाला भेट अवश्य द्यावी. परंतु महामार्ग ६६ वरून सायकल चालवण्याचे अंतर शक्य तेवढे कमी ठेवावे. रुंद झालेल्या या रस्त्यावर वाहनांचा वेग मोठा असतो. उड्डाणपुलांच्या तोंडाशी डावीकडे वळणाऱ्या वाहनांना सरळ जाणारा सायकलस्वार चटकन दिसत नाही.

तिसरा मार्ग : कोलवाळ नदीच्या काठाने दोडामार्ग

धारगळहून पूर्वेस वळले की कासारवर्णे, चांदेल, हसापूर, हळर्ण, इब्रामपूर ही पेडणे तालुक्याच्या अंतर्भागातील गावे आहेत. किनाऱ्याची गर्दी येथवर पोहोचत नाही. इब्रामपूरच्या पुढे सीमा ओलांडून दोडामार्गला जाता येते. धारगळपासूनचे अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास भरते. परतीसाठी दोडामार्ग – अस्नोडा – म्हापसा हा अधिक रहदारीचा पण सोपा रस्ता उपलब्ध आहे.

बार्देशात जिला कोलवाळची किंवा शापोराची नदी म्हणतात, तीच वरच्या अंगास तिळारी. हळर्णचा किल्ला या नदीच्या काठी उभा आहे. तेरेखोलप्रमाणे हाही भोसल्यांकडून १७४६ साली पोर्तुगिजांनी जिंकला. त्या विजयाची खूण म्हणून पोर्तुगीज व्हाइसरॉयला ‘हळर्णचा मार्किस’ हा किताब मिळाला. गोव्याच्या एका आडगावाचे नाव अशा रीतीने पोर्तुगालच्या सरदारघराण्यास चिकटले.

तिळारीचा पाटबंधारे प्रकल्प हा महाराष्ट्र व गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे. त्याचे कालवे सीमा ओलांडून गोव्यात येतात. कालव्यांलगतचे रस्ते सपाट व मोहक दिसले, तरी ते देखभालीसाठी असतात. काही ठिकाणी कठडे नसतात आणि पाणी वेगाचे असते. मुलांना घेऊन तेथे जाऊ नये. दोडामार्ग तालुक्यात गेली दोन दशके रानहत्तींचा वावर आहे, हेही ध्यानात ठेवावे. पहाटेच्या अंधारात किंवा तिन्हीसांजेनंतर तिळारीच्या परिसरात सायकल चालवू नये. हत्ती आल्याची बातमी गावात आधीच पोहोचलेली असते. म्हणून पुढच्या रस्त्याची चौकशी चहाच्या टपरीवर करावी.

चौथा मार्ग : जुन्या सीमेवरून

जुने गोवे – दिवाडी – नार्वे – मये – चोडण – रायबंदर हा मार्ग आजच्या राज्यसीमेपासून दूर आहे. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सीमा येथेच होती. मांडवीतील बेटे पोर्तुगिजांची आणि पलीकडचा डिचोली महाल त्यांच्या राज्याबाहेरचा. दोन्हीमध्ये अंतर केवळ नदीच्या पात्राएवढे.

श्री सप्तकोटेश्वराचा इतिहास ही सीमा समजावून सांगतो. देवाचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ उद्ध्वस्त केल्यावर देवाची स्थापना नदीपलीकडे नार्वे येथे झाली. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्या मंदिराच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. भाविकांनी जिवाच्या भीतीने ओलांडलेले तेच पात्र आज सायकलस्वार दिवाडी–नार्वे फेरीबोटीने काही मिनिटांत ओलांडतो.

हा मार्ग फेरीबोटींचा प्रवास वगळता पंचवीस ते तीस किलोमीटरांचा असून कुटुंबासह जाण्यास चारही मार्गांत सर्वांत अनुकूल आहे. दिवाडीवर पियेदादची टेकडी वगळता चढ नाही. नार्वे ते मये हा भाग झाडीचा आणि हलक्या चढ-उतारांचा आहे. मयेचा तलाव विश्रांतीस चांगला. तेथून चोडण बेटावर उतरले की पुन्हा खाजन शेती आणि खारफुटी लागते. रायबंदरच्या धक्क्यासमोर चोडणवरच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र १.७८ चौरस किलोमीटर आहे. पणजीहून येणाऱ्यास रायबंदरपर्यंत पाटोवरचा जुना बांध वापरावा लागतो. सतराव्या शतकातील हा तीन किलोमीटरांहून लांब बांधरस्ता पूर्णपणे सपाट आहे. मात्र सकाळी आठनंतर तेथे रहदारी वाढते.

केव्हा जावे, काय न्यावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि नदीकाठी धुके असते. त्यामुळे मागचा तांबडा दिवा दिवसाही चालू ठेवावा. मार्चपासून उकाडा वाढतो आणि साडेनऊनंतर सड्यावरचे ऊन असह्य होते. पावसाळ्यात निसर्ग सर्वांत सुंदर असला, तरी शेवाळलेला रस्ता, साचलेल्या पाण्याखाली लपलेले खड्डे आणि कमी झालेली दृश्यता यांमुळे केवळ अनुभवी व्यक्तीनेच बाहेर पडावे.

फार महागड्या सायकलची गरज नाही. अगदी बारीक टायरपेक्षा २८ ते ३५ मिलिमीटर रुंदीचे टायर येथील खडबडीत कडांना सोसतात. गिअर असतील तर सड्याचा चढ सुसह्य होतो. एक जादा ट्यूब, हातपंप, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि दोन बाटल्या पाणी हे सामान सोबत हवेच, कारण अंतर्भागात सायकलदुरुस्तीचे दुकान सहसा भेटत नाही. खाडीकाठच्या खाऱ्या हवेने साखळी लवकर गंजते. घरी परतल्यावर ती पुसून तेल द्यावे. फेरीबोटीच्या उतरणीवर शेवाळ असते, तेथे सायकल हातात धरून चालत जावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात. फोन करताना आपण सीमेच्या कोणत्या बाजूस आहोत आणि जवळचे गाव कोणते, हे आधी सांगावे. गोव्यातील मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणे हा गुन्हा आहे. सायकलच्या पिशवीलाही तो नियम लागू होतो.

या वाटा कोणाच्या

गोव्याला सायकल नवी नाही. भल्या पहाटे रबरी भोंगा वाजवत दारोदारी पाव पोहोचवणारा पोदेर सायकलवरूनच येतो. शाळा, शेत आणि बाजार यांसाठी सीमेच्या दोन्हीकडील गावांनी सायकल वापरली ती गरज म्हणून. हौसेने फिरणारा सायकलस्वार हा या रस्त्यांवर पाहुणा आहे आणि त्याने पाहुण्याची मर्यादा पाळावी. खाजनाच्या बांधावरून विचारल्याशिवाय सायकल नेऊ नये. मातीचा बांध एका ठिकाणी खचला आणि खारे पाणी आत शिरले, तर नुकसान त्या हंगामापुरते राहत नाही. जमिनीतला खार जाण्यास पुढेही वेळ लागतो. रस्त्यावर वाळत घातलेले भात किंवा मिरची चाकाखाली घेऊ नये. देवळाच्या तळीत पाय धुऊ नयेत.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली. पेडणे तालुक्याकडे येणाऱ्या वाहनांचा ओघ त्यानंतर वाढला आहे. गावांतील अरुंद रस्ते भाड्याच्या मोटारी, चिऱ्यांचे आणि वाळूचे ट्रक व घाईत असलेले पर्यटक यांना पुरे पडत नाहीत, ही ग्रामस्थांची तक्रार खोटी नाही. रुग्णाला म्हापशास नेणाऱ्यास रुंद आणि चांगला रस्ता हवाच असतो. प्रश्न रुंदीकरण हवे की नको एवढाच नसून, रुंद झालेल्या रस्त्यावर वेगाला आवर कोण घालणार हा आहे. या टापूतील रस्ते सायकलला अनुकूल आहेत ते चढ कमी आहेत म्हणून नव्हे. वळणे, झाडे आणि अंगणाला खेटून जाणारी कड यांमुळे तेथे मोटारीला आपसूक हळू जावे लागते, हे त्याचे खरे कारण. वळण सरळ झाले, झाडे गेली आणि कडेला पायी चालणाऱ्यासाठी हातभर जागाही राहिली नाही, की सर्वांत आधी रस्ता सुटतो तो शाळकरी मुलाचा, मासळीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाईचा आणि पोदेराचा. हौशी सायकलस्वार दुसरीकडे जाऊ शकतो. त्यांना जाण्यास दुसरी वाट नाही.

ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघेल तेव्हा ही बाब मांडता येते. वस्तीजवळ वेगमर्यादा आणि गतिरोधक, कडेला चालण्यापुरती पक्की पट्टी आणि जुन्या झाडांना वळसा घालणारी आखणी या मागण्या साध्या आहेत. सीमाभागात त्या दोन्ही बाजूंच्या पंचायतींनी मिळून केल्यास अधिक परिणामकारक ठरतील, कारण अलीकडे शिस्त आणि पलीकडे सुसाट असा रस्ता कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

मार्ग एका दृष्टिक्षेपात

प्रथमच जाणाऱ्यांसाठी आणि मुलांसह : दिवाडी – नार्वे – मये – चोडण, अर्धा दिवस, चढ अल्प.

इतिहासाची व साहित्याची आवड असणाऱ्यांसाठी : केरी – तेरेखोल – शिरोडा – आरोंदा; अर्धा ते पाऊण दिवस; चढ मध्यम; निघण्यापूर्वी फेरीबोटीची चौकशी आवश्यक.

थोडा सराव असणाऱ्यांसाठी : पेडणे – सातार्डा – सावंतवाडी, परतीसह पूर्ण दिवस, चढ-उतार सतत.

एकांत हवा असणाऱ्यांसाठी : धारगळ – हळर्ण – इब्रामपूर – दोडामार्ग, पूर्ण दिवस, पाणी व खाद्यपदार्थ सोबत घ्यावेत, एकट्याने न जाता दोघा-तिघांनी जावे आणि उजेड असतानाच परतावे.